बाबा, इन्सुलिन आणि तुवालू



दिवाळीच्या स्नेहसंमेलनात फराळाच्या रांगेत किमान सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "तू वडिलांना घेऊन त्या कुठल्याशा बेटावर गेला होतास ना? तिथे जायचं कसं?" एका काकूंनी तर "तुवालू" ऐकून "टॉवेल?" असं विचारलं. तेव्हा सगळ्यांना एकदम उत्तर म्हणून या महिन्याचा लेख. नेहमीप्रमाणे आधी गोष्ट, मग कामाची माहिती. दोन्ही एकमेकांत मिसळतील, सांभाळून घ्या.

आमचे बाबा पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागातून निवृत्त झाले. छंद दोनच, पहाटे कमाटीबागेत चालणं आणि टपाल तिकिटं जमवणं. तिकिटं कसली, तर फक्त रेल्वे इंजिनांची. त्यांच्या अल्बममध्ये 'लीडर्स ऑफ द वर्ल्ड' नावाच्या मालिकेतली ऐंशीच्या दशकातली काही तिकिटं आहेत. वाफेची सुंदर इंजिनं, आणि खाली देशाचं नाव, तुवालू. ही तिकिटं जोडीजोडीने निघायची. एकावर इंजिनाचं तांत्रिक रेखाटन, दुसऱ्यावर तेच इंजिन रुळांवर धावताना. बाबांच्या एका जोडीतलं धावणारं इंजिन हरवलेलं आहे. मी शाळेत असताना ॲटलास उघडून हा देश शोधला होता आणि बाबांना सांगितलं होतं, की तिथे रेल्वेच नाही. एक मीटरसुद्धा रूळ नाही. बाबांना हे इतकं मजेशीर वाटलं की पुढची पंचवीस वर्षं ते म्हणत राहिले, "एकदा त्यांना जाऊन विचारलं पाहिजे, रूळ नाहीत तर इंजिनं कशाला छापली?"

२०२३ साली बाबा एकोणसत्तर वर्षांचे झाले आणि मी म्हटलं, चला, विचारूनच येऊ.

तुवालू म्हणजे प्रशांत महासागरातली नऊ बेटं. सगळी जमीन एकत्र केली तर २६ चौरस किलोमीटर आणि वस्ती साधारण अकरा हजार. आपल्या एखाद्या मोठ्या सोसायट्यांच्या पट्ट्यात याहून जास्त लोक राहतात. देशाच्या नावाचा अर्थ 'एकत्र उभे असलेले आठ' असा. नववं बेट पूर्वी ओसाड होतं म्हणून आठच मोजले. १ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मिळालं. राजधानी फुनाफुती. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पाच मीटरच्या आत, म्हणजे आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याइतकीही नाही.

घरी या बेताला कडाडून विरोध झाला. बाबांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. आई म्हणाली, "तुला फिरायचंय तर तू जा, ह्यांना कशाला नेतोस?" बहिणीने गुगल करून सांगितलं, की अख्ख्या देशात हॉस्पिटल एकच आहे. ते खरंच आहे. फुनाफुतीतलं प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटल सोडलं तर बाकी बेटांवर छोटे दवाखानेच, आणि गंभीर रुग्णाला फिजीला हलवतात. बहिणीचा मुद्दा मला खोडता आला नाही. मी शेवटी बाबांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन अटी घातल्या. इन्सुलिन आणि सुया प्रवासाच्या दिवसांच्या दुप्पट न्यायच्या. सगळं हातातल्या बॅगेत, आणि तेही दोन बॅगांमध्ये वाटून. आणि विमा असा हवा की त्यात रुग्णाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असेल. पहिली अट मला जरा जास्तच वाटली होती. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या घरचं कुणी ज्येष्ठ अशा ठिकाणी येणार असेल तर या तीन अटींत माझ्याकडून दोन भर घाला. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत आणि औषधाच्या ब्रँडनावासकट मूळ नावानेही लिहून घ्या. आणि पाण्यात भिजवून वापरायचा, इन्सुलिन गार ठेवणारा पाऊच मिळतो, तो घ्या. बर्फाच्या पिशव्यांवर भरवसा ठेवू नका. बर्फ वितळतो, आणि बर्फाला चिकटलेलं इन्सुलिन गोठून वाया जातं.

आता रस्ता. तुवालूला जायचं म्हणजे व्यवहारात फिजीमार्गेच जायचं. आम्ही मुंबई, सिंगापूर, नांदी असे गेलो. (स्पेलिंग बघून 'नाडी' म्हणू नका, उच्चार नांदीच आहे, आणि नाटकाच्या सुरुवातीला शोभेलसा.) ऑस्ट्रेलियामार्गेही जाता येतं, पण भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे विमान बदलण्यासाठीसुद्धा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो. फिजीत आपल्याला आगाऊ व्हिसा लागत नाही, उतरल्यावर परवाना मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र दाखवता आलं पाहिजे. नांदीहून राजधानी सुवाला बसने चारेक तास लागतात. समुद्राकाठचा रस्ता आहे, दिवसाची बस घ्या. सुवाजवळच्या नौसोरी विमानतळावरून फुनाफुतीचं विमान सुटतं. पंख्याचं लहान एटीआर विमान, आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या. तुवालूचा व्हिसा आम्हाला उतरल्यावर मिळाला. पण माझ्या लेखावर विसंबून तिकीट काढू नका. सुवात तुवालूचं हायकमिशन आहे, त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते छापून जवळ ठेवा.

खाऊबद्दल एक सूचना, कारण आपण वडोदऱ्याचे लोक ठेपल्यांशिवाय घराबाहेर पडत नाही. फिजीत बाहेरून येणाऱ्या अन्नाची तपासणी फार कडक आहे. फॉर्मवर सगळं खरं लिहा. आम्ही लिहिलं. तपासणीला बसलेली बाई गिरमिटियांच्या वंशातली असावी. भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोलत होती. १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांची ही पाचवी-सहावी पिढी. तिने कंपनीच्या सीलबंद पाकिटातले खाखरे जाऊ दिले, आणि आईचे मेथीचे लाडू घरचे, तुपातले म्हणून बाजूला काढले. बाबांनी हळूच विचारलं, "इथेच एक खाल्ला तर चालेल का?" चाललं नाही. ती स्वतःच जास्त हळहळली.

पैशांच्या बाबतीत मी मूर्खपणा केला, तो तुम्ही करू नका. तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो (नाणी त्यांची स्वतःचीही आहेत). आम्ही गेलो तेव्हा देशात एकही एटीएम नव्हतं आणि कार्ड कुठेच चालत नव्हतं. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी ईमेलमध्ये 'रोख आणा' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी दिवसभर पेमेंट गेटवेचं काम करणारा माणूस. मला वाटलं, कुठेतरी काहीतरी स्वाइप होईलच. सुवात बाबांनी विचारलं, "किती रोख आहेत?" माझ्याकडे दोनशे डॉलर होते. मग निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सुवाच्या एटीएममधून फिजी डॉलर काढून, ते मनी चेंजरकडे बदलत, उन्हात तीन दुकानं फिरलो. २०२५च्या एप्रिलमध्ये तुवालूत पहिली एटीएम सुरू झाली, तरीही राहणं, जेवण आणि चार दिवस जास्तीचे, इतकी रोख खिशात ठेवूनच जा. नोटा लहान रकमेच्या घ्या.

विमान उतरायला लागलं की आधी भीती वाटते, कारण खाली जमीन दिसत नाही. मग निळ्या पाण्यात धनुष्यासारखी एक बारीक रेघ दिसते. ती फोंगाफाले. सुमारे बारा किलोमीटर लांब, आणि सगळ्यात रुंद ठिकाणी जेमतेम चारशे मीटर. याच पट्टीवर १९४३ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी धावपट्टी बांधली, आणि आज ती देशातलं सगळ्यात मोठं मोकळं मैदान आहे. विमान यायचं असलं की भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. विमान गेलं की पुन्हा सगळं गाव धावपट्टीवर. संध्याकाळी पोरं फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात, बायका चटया टाकून गप्पा मारतात, उकाडा असला तर माणसं रात्री तिथेच झोपतात. बाबा पहिल्याच संध्याकाळी तिथे चालायला गेले आणि कमाटीबागेतल्यासारखे रोज जाऊ लागले. चौथ्या दिवशी त्यांचे तिथे ओळखीचे लोक झाले होते. 'तालोफा' म्हणजे नमस्कार आणि 'फकाफेताई' म्हणजे आभार, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आठवडा काढला.

राहायला थोडीच हॉटेलं आणि गेस्टहाऊसं आहेत, आधी ईमेलने ठरवा आणि उत्तराला आठवडा लागला तर घाबरू नका. शाकाहारी मंडळींनी मात्र तयारीने जावं. इथलं जेवण म्हणजे मासे, नारळ, ब्रेडफ्रूट, आणि पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद, जो खड्डे खणून वाढवतात. बाकी तांदळापासून बिस्किटांपर्यंत सगळं जहाजाने येतं; जहाज लांबलं की दुकानाची फळी रिकामी. जमीन प्रवाळाची, त्यामुळे भाज्या सहज पिकत नाहीत. तैवानच्या मदतीने चालणारी एक भाजीबाग आहे, तिथे सकाळी लवकर रांग लागते. आम्ही रांगेत उभं राहून काकड्या आणल्या. मालकीणबाईंनी स्वयंपाकघर वापरू दिलं, आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काकडीची कोशिंबीर स्वतः केली. दाण्याचं कूट आम्ही नेलं होतं, पाकीटबंद!

पिण्याचं पाणी पावसाचं. प्रत्येक घराला पन्हळ आणि टाकी. नदी नाही, ओढा नाही, आणि जमिनीखालचं पाणी खारट झालेलं. २०११ साली पाऊस लांबला तेव्हा देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. तेव्हा पाहुण्याने अंघोळीला एक बादली, हा हिशोब न सांगता पाळावा. पिण्यासाठी उकळून किंवा बाटलीचं घ्या. डासांचं मलम न्या, डेंग्यू होतो. प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीचे तिरप्या पट्ट्यांचे असतात, अडॅप्टर इथूनच घ्या. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून होतं, आणि आम्हाला मिळालं ते संथ. आठवडाभर मी ऑफिसला दिसलोच नाही. रविवारी चर्चचा दिवस, सगळं शांत असतं. त्या दिवशी गाणी लावणं, पोहायला जाणं टाळा. एरवीही पोहताना आणि गावात फिरताना अंगभर कपडे ठेवा. मे ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात बरा काळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. बघण्यासारखं काय, असं विचाराल तर खाडीपलीकडे १९९६पासून राखलेलं सागरी क्षेत्र आहे, होडी ठरवून जाता येतं. पांढरी वाळू, निर्मनुष्य छोटी बेटं आणि काचेसारखं पाणी. उत्तर टोकाला गेलात तर कचऱ्याचा ढीग दिसेल. तो दिसल्यावर आम्ही आमच्या बॅटऱ्या आणि प्लास्टिक परत घेऊन आलो.

आणि हो, ते इंजिनांचं. फुनाफुतीत टपाल तिकिटांचं सरकारी कार्यालय आहे. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथल्या बाईंनी हसत हसत सांगितलं, की इंजिनांची तिकिटं छापली जायची इंग्लंडात, विकली जायची जगभरच्या जमवणाऱ्यांना, आणि त्यातली कित्येक या बेटावर कुणी डोळ्यांनीही पाहिली नाहीत. देशाकडे विकायला होतं काय? मासेमारीचे परवाने, तिकिटं, आणि नंतर नशिबाने मिळालेली दोन अक्षरं. आपल्या क्षेत्रातल्यांना माहीत असेल, इंटरनेटवर देशांना अक्षरं वाटली तेव्हा तुवालूच्या वाट्याला 'टीव्ही' आलं. ती भाड्याने देऊन देशाला मोठं उत्पन्न मिळू लागलं, आणि त्याच पैशांच्या जोरावर सप्टेंबर २०००मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९वा सदस्य झाला. मी कधीतरी एका क्लायंटसाठी हे डोमेन विकत घेतलं होतं, दोन मिनिटांत, देशाचा विचारही न करता. बाबांना त्यांचं धावणारं इंजिन काही मिळालं नाही. "इंग्लंडला जा आता," मी म्हटलं. "तुझी आई मारेल," ते म्हणाले.

परतीच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. आम्ही बॅगा बांधून बसलो. भोंगा वाजला नाही. दुपारी कळलं, ढग फार खाली आहेत, विमान आज येणार नाही. पुढचं दोन दिवसांनी. इतरांना याचं काहीच वाटलं नाही. एक शाळामास्तर चटई काखोटीला मारून घरी गेले. मी मात्र पलंगावर सगळ्या पेन्स ओतून मोजत बसलो. डॉक्टरांची पहिली अट मी पाळली होती म्हणून अजून आठ दिवसांचं इन्सुलिन होतं. मोजूनच न्यायचं असतं, तर त्या रात्री शेवटचा डोस असता. संध्याकाळी वीज गेली, फ्रिज बंद पडला, आणि त्या भिजवायच्या पाऊचने काम केलं. मी रात्री दोनदा उठून पाऊचला हात लावून बघितला. तिसऱ्यांदा उठलो तर बाबा जागेच होते. म्हणाले, "झोप रे. तीस वर्षं मी रात्रपाळ्या केल्यात, उशिरा येणाऱ्या गाड्यांची मला सवय आहे." सुवात तीन दिवस मोकळे ठेवले होते, त्यामुळे पुढचं तिकीटही वाचलं. हे मोकळे दिवस पैसे वाया जातात म्हणून कापू नका.

त्या जास्तीच्या दोन दिवसांत मालकीणबाईंशी निवांत बोलणं झालं. येताना मी बाबांना बजावलं होतं, की 'तुमचा देश कधी बुडणार' असं कुणाला विचारायचं नाही. येणारा प्रत्येक पत्रकार तेच विचारतो. पण विषय त्यांनीच काढला. फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीला पाणी काठावरून चढत नाही, ते जमिनीतून वर येतं. प्रवाळाची जमीन स्पंजासारखी, अंगणात बुडबुडे येतात आणि तासाभरात घोट्याएवढं पाणी. समोरच्या खाडीत तेव्हा वाळू उपसून सात हेक्टरच्या आसपास नवी जमीन घालायचं काम चाललं होतं. बाबांनी त्यांना आमच्या २०१९च्या पुराचं सांगितलं, विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं आणि रस्त्यावर मगर आली ती गोष्ट. मगर ऐकून त्या खूप हसल्या. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा पूर येणार हे माहीत आहे, तर तुम्ही घर सोडून का जात नाही?" बाबा म्हणाले, "घर आहे ना ते." त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली आणि चहा आणायला आत गेल्या.

आम्ही परतल्यावर नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाशी त्यांचा करार झाला. वर्षाला २८० तुवालूवासीयांना तिकडे कायमचं राहायला जाता येईल, सोडत काढून. २०२५मध्ये पहिल्या सोडतीसाठी देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांची नावं अर्जांत होती. मालकीणबाईंच्या थोरल्या मुलीचंही आहे. त्यांचं स्वतःचं नाही. बाबा अधूनमधून मला त्यांना ईमेल करायला लावतात, निकाल लागला का म्हणून.

जाताना टपाल कचेरीतून स्वतःच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका, एवढं एक माझं ऐका. बाबांनी आईला टाकलं होतं. ते सात आठवड्यांनी आलं, कोपरे झिजलेलं, आणि आईने आधी बाबांचा मजकूर वाचला, मग तिकीट पाहिलं. तिकिटावर मासा होता. "इंजिन नाही मिळालं का?" तिने विचारलं. तिनेच ते कार्ड अल्बममध्ये ठेवलं, त्या अर्ध्या जोडीच्या शेजारी.